इफा-ऑफा खुर्द

पिंपळगाव रेणुकाईच्या कडूबाची लेक मीना आयर्लंडात नर्स म्हणून लागली, तेव्हा गावानं तालुका विचारला. कडूबाला सांगता येईना. त्यानं तिला फोन लावला.

मीनानं तिथल्या घरमालकाकडं चौकशी केली. मायकल नावाचा म्हातारा शेतकरी तो. त्यानं सांगितलं, तालुक्यासारखी एक जुनी वाटणी आहे, तिला बॅरनी म्हणतात. आता ती कागदावरच उरलीय, कचेरी कुठंच नाही. आपली बॅरनी ‘इफा अँड ऑफा’. दोन जुन्या कुळांवरून पडलेलं नाव. मधून शूर नदी वाहते, कडेला डोंगर आहेत, आणि बॅरनीचे दोन भाग आहेत, पूर्व आणि पश्चिम.

“कचेरी न्हाई असा तालुका?” कडूबाची बायको नंदाबाई म्हणाली. “मंग पोरगी सुखात हाय.”

पूर्व-पश्चिम हे कडूबाला कोरडं वाटलं. चहाच्या हॉटेलावर त्यानं बुद्रुक आणि खुर्द असं सांगितलं, आणि मीना बुद्रुकला राहते हेही ठोकून दिलं. त्याच्या बांधाला बांध असलेल्या भुजंगानं मोबाईलवर नकाशा काढला. मीनाचं गाव पूर्वेला होतं आणि पश्चिम भाग कितीतरी मोठा.

“तुझी पोरगी खुर्दला हाय,” भुजंग म्हणाला.

कडूबाला जेवण गोड लागेना. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याचा चेहरा बघून मीनाजवळ बसलेल्या मायकलनंच तिला कारण विचारलं. तिनं लाजत सांगितलं. मायकलचे कान लाल झाले. त्यानं फोन हातात घेतला आणि बराच वेळ बोलत राहिला. मीना मराठीत सांगत गेली: पश्चिम मोठी हे खरं, पण तिकडं डोंगरच जास्त. शिवाय तिकडची माणसं उगाच तोऱ्यात वागतात.

“त्यांला सांग,” कडूबा म्हणाला, “मला सगळं बराबर समजून राह्यलं.”

मग त्यानं विचारलं, तिकडं शेजारी बांध कोरतात का? मायकलनं खुर्ची ओढून घेतली. मीनाला ड्युटीवर जायचं होतं, पण दोघांपैकी एकही तिला सोडायला तयार नव्हता.

सोमवारी कडूबा स्वतःहून भुजंगाच्या समोर बसला.

“खुर्दच हाय,” तो म्हणाला. “पण आपली जमीन सपाट हाय. नदीकाठची.”

‘आपली’ हा शब्द भुजंगाच्या ध्यानात आला. त्यानं दोन चहा सांगितले.