बेड रिकामा आहे

डार्लीन हॉब्सने फॉर्मवर "बेड रिकामा आहे" असं लिहिलं, तेव्हा उपचार केंद्रातला बेड रिकामा नव्हता. गुरुवारी व्हायचा होता. पण त्या तुरुंगात कैद्यांच्या उपचारांची सोय लावणारे सगळे असंच लिहायचे. बेड नसेल तर जज्जसाहेब सुटकेची फाइल उघडत नसत, आणि उघडल्यावरही तारीख लागायला आठवडा जायचाच. मग थोडे दिवस आधी लिहिलं तर कुणाचं काय बिघडतं?

वेंडेल प्रुइटला कानात आवाज ऐकू यायचे. ते गप्प बसावेत म्हणून तो नशेची सुई टोचून घ्यायचा. सात महिने आत राहून, गोळ्या घेऊन गडी ताळ्यावर आला होता. डार्लीनने त्याला शंभरदा बजावलं होतं, बाबा रे, आता अंगाला सवय उरलेली नाही, पूर्वीएवढं घेतलंस तर जागीच संपशील. तुरुंगाच्या दारातून व्हॅनमध्ये आणि व्हॅनमधून थेट उपचार केंद्रात, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. मध्ये रस्त्यावर एक पाऊलही नाही.

सोमवारी जज्जसाहेबांना कधी नव्हे ती दया आली. बेड आहे तर पोराला डांबून कशाला ठेवायचं, म्हणाले, आणि सकाळीच सोडून दिलं. डार्लीनला कळलं दुपारी दोनला. मेली ती दया!

ती धावत सुटकेच्या खिडकीशी गेली. वेंडेलच्या गोळ्यांचं पाकीट तिथंच पडलेलं. खिडकीवरचा म्हातारा शिपाई हॉलिस एरवी तिची टिंगल केल्याशिवाय सोडत नसे. आज त्यानं मान वर केली नाही.

"दोन तास बाहेर बाकावर बसला होता," तो म्हणाला. "बर्फात, नुसत्या टी-शर्टवर. उन्हाळ्यात धरलेला ना, तेच कपडे परत मिळाले. म्हटलं, आत ये. तर म्हणे, नको, डार्लीनची व्हॅन चुकेल."

"मग?"

"मग त्याचा जुना फोन चार्ज करून मागितला. जरा वेळानं एक लाल गाडी आली, तिच्यात बसून गेला."

डार्लीननं लगेच त्या जुन्या फोनचा नंबर लावला. चारदा नुसताच वाजला. पाचव्यांदा कुणा बाईनं झोपाळू आवाजात उचलला.

"वेंडेल ना? बाथरूममध्ये गेलाय."

"कधी गेलाय?"

पलीकडे टीव्ही चालू होता.

"झाला बराच वेळ," बाई म्हणाली. "आतून कडी आहे."

डार्लीन ओरडून सांगत राहिली, दार तोडा, पत्ता सांगा, मी ॲम्ब्युलन्स पाठवते. पोलिसांच्या धाकानं बाईनं फोन ठेवून दिला, तो पुन्हा लागलाच नाही.

गुरुवारी सकाळी उपचार केंद्रातून फोन आला. बेड रिकामा झालाय, चादरही बदललीय, माणूस कधी पाठवताय, असं विचारत होते.