आठ खणांचा शेजार

मी एक जुनी शब्दांची पेटी आहे. मित्रांनो, आधीच सांगते, मला वाचता येत नाही. पण शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात मी एकतीस वर्षं काढली आणि माझ्या पोटात सहा हजार इंग्रजी शब्द होते. वाचता येणाऱ्या किती जणांच्या पोटात तेवढे असतात, ते ज्याचं त्याने बघावं.

मला बाईंच्या थोरल्या भावाने घडवलं. तो सुतार होता. मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून त्याने माझे आठ खण काढले. बाई त्या कॉलेजात इंग्रजी शब्दांचा अभ्यास शिकवायच्या. शब्द कशापासून बनतो, त्याची भावंडं कोण, तो कोणासोबत नांदतो. एका कार्डावर एक शब्द. पण कार्डं लावायची रीत त्यांची स्वतःची होती. ए-बी-सी-डी नाही, शेजार. 'टी' म्हणजे चहा, त्याच्या मागे 'स्ट्राँग'; 'रेन'च्या मागे 'हेवी'. 'टीच' आणि 'लर्न' समोरासमोर, कारण नवशिके तिथेच घसरतात.

"नुसता अर्थ पाठ करून संसार होत नाही," बाई वर्गाला म्हणायच्या. "कोणाचं कोणाशी पटतं, ते बघा."

वर्गाकडे तोंड ठेवून, हात मागे नेऊन त्या हवं ते कार्ड काढायच्या. मुली तोंडात बोट घालायच्या. मी मात्र मान ताठ ठेवायची. तेव्हा मला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

मग एका सकाळी बाई फळ्यापाशी कोसळल्या. मेंदूत गुठळी झाली होती. चार महिन्यांनी बहिणीचा हात धरून त्या आल्या. चालत होत्या, सगळं कळत होतं, पण शब्द आठवत नव्हते. खिडकीकडे बोट दाखवून नुसतं "ते, ते" म्हणायच्या. मग त्यांचा हात माझ्याकडे आला. तिसरा खण, मधोमध. न बघता. कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि त्या स्पष्ट म्हणाल्या, "विंडो." वाचलेला शब्द ओठांवर येत होता. बहीण भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

प्राचार्यांनी सांगितलं, "बाई, पुढच्या सोमवारी अर्धा तास वर्ग घ्या. जमलं तर जागा तुमचीच. नाहीतर माझाही नाइलाज आहे."

बाईंची एक जुनी विद्यार्थिनी आता तिथेच शिकवत होती. तिला सगळे धाकटी म्हणत. पोरगी मनाने सोन्यासारखी, कामाला वाघीण. तिला वाटलं, बाई आजारातून उठल्या आहेत, शोधाशोध कशाला करतील? रविवारी दिवसभर बसून तिने माझी सहा हजार कार्डं बाहेर काढली, पुसली आणि ए-पासून झेडपर्यंत लावली. खणांवर सुबक अक्षरात चिठ्ठ्याही चिकटवल्या. माझ्या आतड्यांची जागा बदलत होती आणि ती गुणगुणत होती.

सोमवारी ती म्हणाली, "बाई, तुमच्यासाठी सगळं लावून ठेवलंय. आता डोळे मिटून सापडेल."

बाई हसल्या. वर्गाकडे वळल्या. हात मागे आला, दुसऱ्या खणात, अगदी पुढे. तिथे 'लर्न' राहत असे. निघालं भलतंच. त्यांनी ते परत ठेवलं, दुसरं काढलं. मग तिसरं. मागच्या बाकावर प्राचार्य मान खाली घालून बसले होते. बाईंनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं, पण शब्दच आठवत नसेल तर त्याचं पहिलं अक्षर कुठून आणायचं? दहाव्या मिनिटाला त्यांनी खण हळूच लोटला आणि दाराशी उभ्या बहिणीला हाताने निघायची खूण केली. जागा गेली.

धाकटी नंतर वर्षभर त्यांच्या घरी जात होती. मांडीवर कार्डांचा गठ्ठा घेऊन विचारायची, "बाई, हे कोणाशेजारी होतं?" बाई तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. जुन्या शेजाराप्रमाणे जेमतेम दीड खण लागला. मग बाई गेल्या.

मी आता अडगळीच्या खोलीत आहे. धूळ बसते, वाळवी लागली आहे, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, कोणाचा पसारा आवरायला मायेने जरी हात घातलात, तरी आधी त्या माणसाला विचारा. सांगता येतंय तोवर विचारा.

उरलेल्या साडेसहा खणांचा शेजार मला अजून तोंडपाठ आहे. जगात तो ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच होतो, बाई आणि मी, आणि दोघींनाही बोलता येत नव्हतं.