वेळ नसलेल्या नोंदी

वीजमीटरच्या नोंदी वेळेनुसार लावणारा प्रोग्राम बंगळुरूच्या त्या ऑफिसात घोळ घालू लागला होता. नोंदी इतक्या, की एका कॉम्प्युटरला पेलत नसत. त्या अनेक कॉम्प्युटरांमध्ये वाटल्या जात, प्रत्येक कॉम्प्युटर आपला वाटा क्रमाने लावी, मग सगळे वाटे एकत्र गुंफले जात. गुंफतानाच क्रम विस्कटे. सहनाने खणत खणत चूक एका ओळीवर आणली. ज्या नोंदीत वेळच नव्हती, ती वाटा लावताना शेवटी जाई; गुंफताना मात्र तीच पहिली धरली जाई.

ओळ नागभूषण सरांची होती. सहनाला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. तब्येतीमुळे ते घरी बसले, एवढंच ऑफिसात माहीत होतं. सरांनी ती ओळ मुद्दाम लिहिली असेल, बदलली तर दुसरंच काही कोसळेल, या धास्तीने ती रविवारी मल्लेश्वरमला त्यांच्या घरी गेली.

दार सरांच्या पत्नीने, विशालाक्षी अम्मांनी उघडलं. "त्यांनी ओळखलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस गं," त्या हळूच म्हणाल्या. "परवा मलाच विचारत होते, तुमचे यजमान कधी येतात?"

सरांनी सहनाला अहोजाहो केलं, चकलीची बशी पुढे सरकवली. तिने लॅपटॉप उघडून तो प्रोग्राम त्यांच्यासमोर धरला. सर पुढे झुकले. पूर्वीसारखंच ओळीखाली बोट फिरवत त्यांनी सगळं वाचलं, आणि नेमक्या त्या ओळीवर बोट थांबलं.

"लिहिणारा धांदरट नाही हो. पण इथं चुकला बिचारा. कोण आहे?"

सहनाने अम्मांकडे पाहिलं. त्या खिडकीकडे वळल्या होत्या.

"माझे गुरू आहेत, सर."

"मग जरा सांभाळून सांगा. वयस्कर माणसाला लागतं."

सोमवारी तिने ओळ बदलली. नोंदी ओळीने लागल्या, कुठे काही कोसळलं नाही. ऑफिसात कुणीतरी म्हैसूरपाक वाटला. तो हातात धरून ती जिन्यात आली आणि तिने अम्मांना फोन लावला. काम झालं, म्हणाली.

"बरं झालं बाई," अम्मा म्हणाल्या. "हे सकाळपासून बूट घालून बसलेत. ऑफिसला उशीर होतोय म्हणतात."

 रविवारी परत येते, एवढंच सहनाने सांगितलं.