फरशीवरचं सारवण

"मालक, बैठक झाली, देवघर झालं. उरलेली फरशी कुठी टाकू?" दयाराम गवंड्यानं थापी पाण्यात बुचकळत विचारलं.

"कोठ्यात टाक," हिंमतराव ओट्यावरून म्हणाले. "चिखलानं बैलाचं खूर सडून राह्यलं."

"मामाजी, मागच्या खोलीत टाका."

दयारामचा हात पाण्यातच राहिला. आवाज माजघराच्या दाराआडून आला होता. हिंमतरावांची सून कोकिळा बोलली होती, आणि त्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. लग्नाला पाच वर्षं झाली होती. या पाच वर्षांत तिनं त्यांच्यापुढं ताट सरकवलं होतं, पाण्याचा तांब्या ठेवला होता, पण शब्द ठेवला नव्हता.

हिंमतरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. बायकोकडं पाहिलं. "सोजरे, काय म्हणते थे? तिले विचार, मागच्या खोलीत कोणता पाहुणा येऊन बसते?"

"मी बसतो," कोकिळा म्हणाली. "बाळंतीण बसते तिथी."

दयाराम उगाच खोकला. "तसं पाह्यलं तं मालक, बैलापेक्षा..."

"तू फरशी बसव बे. अक्कल नको बसवू." मग पुन्हा बायकोकडं, "तिले सांग, माती सारवता येते म्हणून सोयर फिटते. दगडावर बाळंत झाली तं विटाळ जाईन कुठी? दगड काय पिऊन घेते?"

सोजराबाई दोघांच्या मधे उभी होती. सासू झाली तरी तिची जागा हीच होती, दोघांच्या मधे. तिनं सुनेकडं तोंड केलं. "बरोबर हाये व बाई त्यायचं. दहा दिसाचा विटाळ मातीतच जिरते. सारवलं का मोकळं."

घरात माणूस कुठं किती वावरतो हे बघून फरशी बसवतात, असं कोणाला वाटत असेल तर ते साफ खोटं आहे. फरशी बसवतात ती दुसऱ्यांच्या पायांसाठी. धामणगाव बढ्यात तेव्हा फरशीचं घर म्हणजे मान होता. हिंमतरावांची वांगी-मिरची मलकापूरपर्यंत जायची, आणि आता त्यांना स्वतःलाही कुठंतरी जायचं होतं. पंचायत समित्या नव्या निघाल्या होत्या, सभापती गावोगाव फिरत होते. म्हणून बैठकीला शहाबादी फरशी, घोटून, सांधे भरून. देवाला थोडी, कारण देवही बघतो. बैलाला उरलेली, कारण बैल बाजारात विकता येतो. स्वयंपाकघरात जी बाई पहाटेपासून उकिडवी बसते तिच्याखाली माती. आणि मागच्या खोलीतही माती. तिथं ना खिडकी, ना देव, ना पाहुणा.

त्या मातीनं कोकिळेची दोन लेकरं खाल्ली होती.

दोन्ही धडधाकट जन्मली. चार दिवस पोटभर प्यायली. मग तोंड मिटलं ते उघडेना. बोंडलं लावलं तरी दूध ओघळून मानेवर. मग अंग ताठ, पाठीची कमान, नुसता हात लागला तरी झटका. दुसऱ्या खेपेला कोकिळेनं बाळाला हात लावणंही सोडलं होतं, त्याला त्रास होऊ नये म्हणून. आईनं लेकराला हात न लावता त्याचं मरण बघत बसायचं, हे ज्यानं बघितलं नाही त्यानं विटाळाच्या गप्पा मारू नयेत.

"सटवीनं नेलं," सोजराबाई म्हणाली होती.

"सटवी नाही, शेण," दवाखान्याची नर्स विमलबाई म्हणाली होती. ती नाशिककडची, तिचं इथं कोणी आवडीनं ऐकत नव्हतं. "जमीन शेणानं सारवता, त्यावर बाळंत होता. बाळाची नाळ म्हणजे उघडी जखम. शेणातला रोग तिच्यातून आत जातो. पुढच्या वेळी फरशीवर बाळंत हो. धुतलेल्या, कोरड्या. आणि मला वेळेवर बोलव."

कोकिळेनं हे नवऱ्याला सांगितलं. सहदेव ऐकून घेणारा माणूस होता, एवढंच. "मी बोलतो आबाले," तो म्हणाला. वांग्याच्या वाफ्यात म्हणाला, विहिरीवर म्हणाला, जेवताना म्हणाला. आबासमोर गेला की त्याला बैलाचं खूर आठवायचं.

आता तिला सातवा सरत आला होता आणि दयाराम कोठ्यात फरशी मांडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दयाराम आला तेव्हा कोकिळा कोठ्यात नव्या फरशीवर बसली होती. शेजारी गोधडी, पाण्याचं मडकं. बैल तिच्याकडं बघत रवंथ करत होता.

"हे काय वं वहिनी?"

"बाळंतपणाले आली."

"आताच?"

"आताच नाई. पण जागा धरून ठेवतो. फरशी इथीच हाये नं? मी इथीच बाळंत होतो."

दयाराम हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. तो बाहेर जाऊन हिंमतरावांना म्हणाला, "मालक, मले काई घेणंदेणं नाई. पण पाटलाच्या पडवीचं काम मी आजच धरलं. तिथी बाया विचारतीन, हिंमतरावची सून कोठ्यात काऊन बसली म्हून. मी तोंड शिवून थोडाच जातो."

"सोजरे!" हिंमतराव ओरडले. "तिले घरात घे."

"येत नाई म्हणते," कोठ्यातून सोजराबाई म्हणाली.

"ओढ तिले."

"पोटुशी हाये. मी कशी ओढू?"

तासभर घर असंच थांबलं. गल्लीतल्या दोन बाया घागरी घेऊन कोठ्यापुढून तीनदा गेल्या. शेवटी हिंमतरावांनी ओट्यावरून पान थुंकलं. "उचल बे थे फरशी, टाक त्या खोलीत. बैल मेला तं ह्या बाईले जुंपतो मी."

त्या संध्याकाळी मागच्या खोलीत फरशी बसली. कोकिळा अनवाणी त्यावरून फिरली. पाय गार पडले. तिनं रोज ती ओल्या फडक्यानं पुसायला सुरुवात केली. पुसायची, हात फिरवून बघायची, पुन्हा पुसायची. सोजराबाई दारातून बघायची. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. सोजराबाईला कोणी कधी काही विचारत नसे.

कळा सुरू झाल्या तेव्हा बाजाराचा दिवस होता. हिंमतराव वांग्याची गाडी घेऊन गेले होते. सहदेव सायकल काढून विमलबाईला आणायला पळाला. कोकिळा परसात भिंतीला टेकून कळ सोसत होती. कळ ओसरली तशी ती मागच्या खोलीकडं गेली.

दारातच थांबली.

सोजराबाई गुडघ्यांवर होती. शेजारी पाटी. तिनं सगळी फरशी शेणानं सारवली होती. हाताची कमान करून, एकावर एक गोल, कडा भिंतीला नेमक्या मिळवून, जसं सणाला सारवतात तसं. दगड दिसतच नव्हता. ओलं, हिरवट, ताजं. घाम तिच्या हनुवटीवरून खाली पडत होता आणि ती तोही हातानं सारवणात मिळवत होती.

"आत्याबाई!"

"झालं वं माय, झालं. एवढा कोपरा राह्यला." तिनं वर पाहिलं. तोंडावर समाधान होतं. "तुह्यी फरशी बी राह्यली आन सोयर बी फिटीन. कोरड्या दगडावर सटवी टेकत नाई, लेकराचं नशीब कोण लिहीन? मी पहाटेच शेण आणून ठेवलं होतं, ताजं."

तिला शिवी देता आली असती तर बरं झालं असतं. त्या बाईच्या हातात दुष्टपणा नव्हता. तेच तर भयंकर होतं.

कोकिळेनं कोपऱ्यातली घागर उचलली आणि फरशीवर पालथी केली. शेण हललं, पसरलं, रबडी झालं. तिनं पायानं रेटलं, पदरानं पुसलं. जितकं पुसलं तितकं पसरलं. सोजराबाई किंचाळली, "अवं काय करून राह्यली!" आणि तेवढ्यात दुसरी कळ आली, आधीच्या सगळ्या कळांहून मोठी. कोकिळा चौकट धरून वाकली. पाणी सुटलं.

वेळ नव्हता. ती उठली. भिंतीला धरत माजघरातून गेली. स्वयंपाकघर, माती. माजघर, माती. देवघर एवढंसं, पाटाएवढं. तिनं बैठकीचं दार ढकललं.

"तिथी नको वं! तिथी नको! थे मारतीन मले!" सोजराबाई मागून धावत आली.

बैठकीत दोन खुर्च्या होत्या, भिंतीवर आरसा, आणि फरशी. घोटलेली, काळसर निळी, इतकी स्वच्छ की खिडकीचा उजेड तिच्यावर पडून होता. सभापतींसाठी राखलेली. अजून तिच्यावर कोणाचा पाय पडला नव्हता. कोकिळेनं खुर्ची लाथेनं सरकवली आणि ती खाली बसली.

"हात धुऊन या," ती म्हणाली. "राख लावून. दोनदा. नाई तं मले हात लावू नका."

सासूला सुनेनं असं सांगायचं नसतं. सोजराबाई गेली आणि हात धुऊन आली.

विमलबाई पोचली तेव्हा बाळाचं डोकं दिसत होतं. तिनं उकळलेल्या पात्यानं नाळ कापली, उकळलेल्या दोऱ्यानं बांधली, वर कोरडं फडकं. मुलगी झाली.

हिंमतराव दिवेलागणीला बाजारातून आले. दारात सहदेव उभा होता. "आबा, आत जाऊ नका. बाळंतीण हाये."

"मागच्या खोलीत हाये नं?"

"बैठकीत."

हिंमतरावांनी त्याच्या थोबाडीत मारली. सहदेव हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठल्यातरी दारात नीट उभा राहिला होता.

सोयर म्हणजे दहा दिवस. तेवढे दिवस हिंमतरावांना स्वतःच्या बैठकीत पाय ठेवता येईना. मधेच सभापतींची जीप आली. त्यांना ओट्यावर बाजेवर बसवलं. समोरून म्हशी गेल्या, धूळ उडाली, चहात पडली. "आतून लेकराचा आवाज येतो," सभापती म्हणाले. हिंमतराव म्हणाले, "शेजारचं हाये."

आत कोकिळा झोपत नव्हती. बाळ पिताना तिचं लक्ष त्याच्या जबड्याकडं असे. पाचवा दिवस गेला. आठवा गेला. मुलगी प्यायची, रडायची, हातापायांनी गोधडी उधळायची.

दहाव्या दिवशी सकाळी हिंमतराव ओट्यावरून गरजले, "सोजरे! आज सगळी बैठक सारव. कानाकोपरा सोडू नको. मंग मी आत येतो."

सोजराबाई शेणाची पाटी घेऊन बैठकीत आली. गुडघे टेकले. हात पाटीत घातला आणि तसाच ठेवला.

"कोकिळे."

"हाव."

"माह्ये चार गेले त्या खोलीत. तुह्ये दोन." ती पाटीकडं बघत होती. "सहदेव तेवढा तिथी नाई झाला. माहेरी जाता जाता गाडी मोडली, रस्त्यातल्या धर्मशाळेत झाला. दगडावरच झाला थो. घरी गेल्यावर सासूनं मले किती बोल लावले."

कोकिळेनं मुलीला कुशीत ओढून घेतलं.

"मी रोज सारवत होतो, बाई. बाळंतीण असली का दोनदा सारवो. मले वाटे, जितकं सारवू तितकं चांगलं." ती थांबली. "थे बी ह्याच्यानंच गेले काय वं?"

काय सांगायचं? हो म्हटलं तर ही बाई आता, इथं, या पाटीवर मरेल. नाही म्हटलं तर उद्या पुन्हा सारवेल.

"मले काय मालूम, आत्याबाई," कोकिळा म्हणाली. पण ती थोडं थांबून म्हणाली होती, आणि सोजराबाईला ते थांबणं कळलं.

"सारवलं काय?" बाहेरून आवाज आला.

सोजराबाईनं हात पाटीतून काढला. "सारवलं!" ती ओरडली. चाळीस वर्षांत नवऱ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं खोटं असावं.

तिनं पाटी मागच्या दारानं उकिरड्यावर रिकामी केली. न्हाणीत बसून हात धुतले. राखेनं धुतले, रिठ्यानं धुतले, पुन्हा राखेनं. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मग ती परत आली आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली.

कोकिळेनं मुलगी पुढं केली. "घ्या नं, आत्याबाई. तुमची नात हाये. दहा दिसात एकदाही घेतली नाई तुम्ही."

सोजराबाईनं मुलीकडं पाहिलं. नाक तिच्यावरच गेलं होतं. तिचे हात पुढं आले, अर्ध्यावर थांबले आणि पदराखाली गेले.

"मंग घेतो," ती म्हणाली. "हात ओले हायेत माह्ये."

हात कोरडे होते.