लेमा चार

निवृत्तीला अकरा दिवस उरले होते आणि सिग्ने ल्युंगहोल्मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. फेब्रुवारीत आर्व्हिद गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिले होते. अंत्यविधीला ती गेली, कॉफी प्याली, बस धरून परत आली.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात, तिच्या विभागात, तिच्या निरोपाची पुस्तिका तयार होत होती. त्यात तिचे त्र्याऐंशी निबंध, सालवार. एखादं यंत्र कोणकोणत्या अवस्थांतून जाईल आणि कुठे अडकेल, हे ते बांधण्याआधीच सिद्ध करायचं, हा तिचा जन्मभराचा उद्योग. त्र्याऐंशीतले एकावन्न निबंध एकाच प्रमेयावर उभे होते. ते प्रमेय तिचं आणि आर्व्हिदचं, १९९५ सालचं.

त्याची सिद्धता मारित संगणकाकडून तपासून घेत होती. मारित मूळची फिनलंडची, चाळिशीची, विभागातली सगळ्यात खडूस आणि सगळ्यात कष्टाळू बाई. संगणक तिच्याहून हेकट. पायरी पटल्याशिवाय पुढे सरकत नाही. सोमवारी तो लेमा चारवर अडला. लेमा म्हणजे मोठ्या सिद्धतेतली एक छोटी पायरी. तिथे फक्त एवढंच छापलं होतं, "सिद्धता पूर्ण आवृत्तीत पाहा." पानं संपली की या धंद्यातले सगळेच असं लिहितात, आणि पूर्ण आवृत्ती बहुधा निघतच नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

"ती पूर्ण आवृत्ती कुठाय?" मारितने दारातूनच विचारलं.

"लिहिलीच नाही."

"वाटलंच मला. आणि तो लेमा खोटा आहे, सिग्ने. सात अवस्थांचं यंत्र सापडलंय, तिथे कोसळतो. प्रमेय वाचेल बहुतेक, पण दुसऱ्या वाटेनं. वर्ष जाईल त्यात."

सिग्नेने कागदावरची सात वर्तुळं आणि बाण तपासले. मारितचं बरोबर होतं. सिग्नेच्या आत काही हललं नाही.

"पुस्तिकेत खुलासा टाकावा लागेल," मारित म्हणाली. "आर्व्हिदच्या भागात चूक होती, असं लिहिते. त्याचा गबाळेपणा काय लपून राहिलाय? मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? तू कशाला जाता जाता बोलणी खातेस?"

"बघू," सिग्ने म्हणाली.

खरं असं होतं की विषम लेमा आर्व्हिदचे आणि सम तिचे. चौथा तिचा. १९९५च्या जानेवारीत, निबंध पाठवायच्या वेळी, तिची आई शेवटच्या घटका मोजत होती. "तू जा आईकडे, मी टाकतो ती 'पूर्ण आवृत्तीत पाहा'ची ओळ," असं आर्व्हिद म्हणाला होता. ही वाटणी दोघांनाच ठाऊक होती, आता तिला एकटीला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर म्हणतोय बघू! तीन दिवस ती 'बघू'वरच राहिली.

गुरुवारी तीनच्या कॉफीला सगळे जमले, तेव्हा आर्व्हिदची बायको गुनिला त्याच्या खोलीची किल्ली परत करायला आली. येताना वेलचीचे पाव घेऊन आली होती. खुलाशाचा कागद मारितसमोरच पडला होता. मारितला पोटात ठेवणं कधी जमलंय? तिने सोमवारपासूनचं सगळं सांगून टाकलं.

गुनिला कसनुसं हसली. "असेल गं. घरी गॅसही चालू ठेवायचा मेला." मग पावांचं ताट टेबलावर ठेवत ती हळूच म्हणाली, "त्याच्यामुळे कुणाला काही इजा तर नाही ना झाली? त्याच्या वतीनं मी माफी मागते हं सगळ्यांची."

सिग्नेचा चेहरा तापला. तिला लाज वाटली, कानापर्यंत.

"चौथा माझा होता, गुनिला," ती म्हणाली. "त्याचा नाही. माझ्याकडूनच लिहायचा राहिला."



"सोमवारपासून माहीत होतं तुला?" गुनिलाने विचारलं.

"हो."

"आणि माझ्या तोंडून माफी निघेपर्यंत गप्प बसलीस?"

"हो."

गुनिलाने खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. मग तिने विचारलं, "तो कधी बोलला तुला, की लिही बाई तो एकदाचा?"

"नाही. एकदाही नाही."

 एवढं बोलून, हातात कप तसाच धरून सिग्ने सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागली. का बोलला नाहीस, हे विचारायलासुद्धा आता तो नव्हता. तिकडे रडणाऱ्याला आधी जरा एकटं सोडतात, म्हणून कुणी उठलं नाही. मारितने कागद पुढे ओढला, आर्व्हिदचं नाव खोडलं आणि वर सिग्ने ल्युंगहोल्म लिहिलं.