कर्नलसाहेबांचा हुकूम आणि शेवटचे तीनशे मीटर

ब्लाझेय ओंद्रुशला आठशे मीटर एक मिनिट साडेसेहेचाळीस सेकंदांत धावायचं होतं. गेली दहा वर्षं धावायचं होतं. एकदा वारा आडवा आला, एकदा पिंढरी. चौऱ्याऐंशी साली पाय अगदी तयार होते, तर ऑलिंपिकला कोणीच जायचं नाही असं वरून ठरलं. वर म्हणजे कुठे, हे विचारायची पद्धत नव्हती.

त्याला दोन वर्षं झाली. आता तो एकतीस वर्षांचा होता. युरोपियन स्पर्धेला सैन्याच्या क्लबातून एकच जण जाणार होता. आज ही वेळ गाठून जो पहिला येईल तो. कोणीच गाठली नाही तर कोणीच नाही. आणि जागा हुकली की सार्जंट ओंद्रुशची बदली रसदीच्या कोठारात. तिथे बटाट्यांवर पहारा असतो.

वेग धरून द्यायला कॉर्पोरल वेंदेलीन पुढे होता. पाचशे मीटर ओढायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. पोराने ते चोख केलं. घड्याळ वेळेवर होतं, ब्लाझेयच्या छातीत भट्टी पेटली होती. पाचशेच्या खुणेला वेंदेलीन धावपट्टी सोडून आतल्या गवतावर उतरला.

तिथेच कर्नल श्कुल्तेती उभे होते. रणगाडा दलातून नुकतेच क्लबावर आलेले. आपला जवान सर्वांच्या पुढे असताना मैदान सोडतोय, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

"कॉर्पोरल, कुठे पळतोस? माघार नाही. पुढे चल."

वेंदेलीन सैनिक होता. चार पावलं गवतावर धावून तो पट्टीवर परतला, थेट ब्लाझेयच्या नाकासमोर. ब्लाझेयला शिवी द्यायलाही श्वास नव्हता. त्याने ती पाठ धरली. शेवटच्या वळणावर अंतर हातभर झालं, सरळ पट्टीवर वीतभर. वीतभरच राहिलं.

वेंदेलीन एक सेहेचाळीस तीन. ब्लाझेय एक सेहेचाळीस चार. दोघंही वेळेच्या आत.

मुख्य पंच पाव्लिक, एरवी शाळेत भूगोल शिकवणारे, घाम पुसत म्हणाले की पट्टी सोडलेला माणूस बाद होतो, आणि त्याच्यामागे धावलेल्याची वेळही धरत नाहीत. म्हणजे दोघंही गेले.

"माझ्या जवानाने मैदान सोडलं, असं कागदावर लिहिणार तुम्ही?" कर्नलांनी शांतपणे विचारलं. "आणि परत का आला, तेही लिहाल?"

पाव्लिकनी पेन खाली ठेवलं. मग त्यांना सुचलं की सगळ्यात जवळून पाहणारा साक्षीदार सार्जंट ओंद्रुश आहे. त्याने सही केली की प्रश्न मिटला. अहवालात एकच ओळ होती: कॉर्पोरलने पट्टी सोडली नाही.

वेंदेलीन रडकुंडीला आला होता. "सार्जंट, मी खरं सांगतो. मी उतरलो होतो. ही जागा तुमची."

"खरं सांगितलंस तर कोणाचीच नाही," ब्लाझेय म्हणाला. "तू बावीस वर्षांचा आहेस, गाढवा. गप्प बस."

त्याने सही केली. पेन पाव्लिकना परत दिलं. कर्नलांनी वेंदेलीनची पाठ थोपटली आणि ब्लाझेयकडे वळून आपुलकीने विचारलं, "आणि आपण कोण?"

"दुसरा, कॉम्रेड कर्नल."