आधीची बाजू

साहेबांनी आमच्या खोलीच्या मधोमध खडूची रेघ ओढली, डाव्या भिंतीवर २०११ लिहिलं आणि रेघेच्या डावीकडे ते साल लागलं. उजवीकडे आताचंच राहिलं. पाळणा उजवीकडे होता, त्यामुळे माझा तीन महिन्यांचा रेवण आताच्या बाजूला आला. कोनाडा, खुंटी आणि अर्धी खिडकी आधीच्या बाजूला गेली.

मोहोळकर साहेब परदेशातल्या कुठल्याशा विकास बँकेच्या प्रकल्पाचं काम बघतात. आशियातल्या सहा देशांत आर्थिक सुधारणा झाल्या, त्यांनी गरिबाच्या घरात काय फरक पडला ते बँकेला दाखवायचं असतं. सोलापुरातून आमचं घर निवडलं होतं. फरक पुरेसा दिसला तर नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळणार होता. नळ आत, संडास आत, आणि रेवण रांगायला लागेल तेव्हा गुळगुळीत फरशी. मला ती फरशी फार हवी होती. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढं सांगायचा धीर व्हायचा नाही.

"विड्या कोण वळतं?" साहेबांनी विचारलं.

"आई."

"मग त्या डावीकडे बसतील. विडी आताच्या बाजूला चालत नाही."

आई हसली. "मला काय, मांडी घातली की झालं. कर गं तू फॉर्मवर सही."

मी सही केली. आई सूप उचलून पलीकडे गेली. बसल्याबरोबर तिच्या केसांतलं पांढरं गेलं आणि नाकावरचा चष्मा नाहीसा झाला. "बरं दिसतंय की," असं म्हणून ती पानं कातरायला लागली. खुंटीवर माझा सहावीचा युनिफॉर्म लटकत होता. मी बाहेर खेळायला गेलेली असणार, म्हणून डावीकडे कुठं दिसले नाही.

रेघ ओलांडता यायची नाही. पाय उचलून पलीकडे टाकला तरी तो उजवीकडेच पडायचा. पाळण्याची दोरी मात्र जायची. आईनं ती पायाच्या अंगठ्याला बांधून घेतली. मी टॉवेलच्या कारखान्यात शिवणावर असेपर्यंत २०११ सालातली आई माझ्या पोराला झोका द्यायची. मी चार वाजता धावत यायचे, ब्लाउज पुढून ओला झालेला असायचा. ती वर न बघता म्हणायची, "पाज आधी त्याला. चहाचं मग बघ."

तीन महिन्यांनी साहेब पुन्हा आले. त्यांनी दोन्हीकडचे फोटो काढले आणि मान हलवली.

"फरक कमी पडतोय."

"फ्रीज आणलाय की साहेब," शेजारची गौराक्का दारातून म्हणाली. फ्रीज तिचाच होता, तपासणीपुरता दिलेला.

"आताची बाजू वाढवायला निधी नाही. आधीची बाजू मागं न्यावी लागेल. दुसऱ्या एका देशातल्या बाईनं तिची आधीची बाजू पार कंदिलापर्यंत नेलीय."

"आमच्यात पण होता कंदील. सासऱ्यानं विकून खाल्ला मेल्यानं, नाहीतर दिला असता," गौराक्का म्हणाली.

साहेबांनी कागद पुढं केला. मी आईकडं बघितलं. "कर की," ती म्हणाली, "चष्मा तर गेलाच आहे." मी सही केली. साहेबांनी भिंतीवरचं साल बोटानं पुसलं आणि १९९६ लिहिलं.

युनिफॉर्म गेला. खुंटीवर बाबांचा निळा शर्ट आला. सुपापुढं वीस वर्षांची मुलगी बसली होती, गळ्यात नवं कोरं मंगळसूत्र. तिनं पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही. मी इथंच राहते, पलीकडं."

"पोर गोड आहे तुमचं." तिनं दोरी सोडली नाही, झोका देत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला पहिली मुलगीच पाहिजे. आमच्या सासूबाईंना सांगू नका हं."

मी पाळण्यातलं दुपटं सारखं केलं.

त्या संध्याकाळी मी गौराक्काकडं गेले. "सही परत घेता येते का गं अक्का?"

"येडी का खुळी तू? तुझ्या फरकावर अख्ख्या गल्लीला पाण्याची लाइन यायची आहे. सात बायकांनी तुला भांडी दिलीत. आणि फ्रीजमध्ये दुपटी ठेवू नकोस, वास लागतो."

पुढच्या तिमाहीत बँकेची माणसं स्वतः आली. त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली होती आणि साहेब घामाघूम होऊन पुढं पळत आले होते.

"अजून अकरा वर्षं मागं जावं लागेल," ते म्हणाले आणि पेन माझ्या हातात दिलं.

"मग ती मला ओळखणारच नाही."

"आताही ओळखत नाहीत."

हे खरं होतं. मी सही केली. साहेबांनी १९८५ लिहिलं.

बाबांचा शर्ट गेला. सुपापुढं नऊ वर्षांची पोरगी होती. सूप तिच्या दोन्ही गुडघ्यांबाहेर येत होतं. ती भराभर पान गुंडाळत होती, तोंड दुमडत होती, दोरा बांधत होती. तिच्या बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी पडलेली होती. विड्या लग्नानंतर शिकले, असं आई मला नेहमी सांगायची.

रेवण तेव्हा नुकता रांगायला लागला होता. फॉर्मवर त्याचं नाव नव्हतं, म्हणून रेघ त्याला लागू नव्हती. तो रेघेपाशी गेला आणि त्यानं हात पलीकडे घातला. पोरीनं कात्री बाजूला ठेवली.

"अक्का, घेऊ का याला?"

मी काही बोलायच्या आत त्यानं तिचं बोट मुठीत धरलं. ती हसली. तिचा पुढचा एक दात पडलेला होता.

पाहुणे दारात आले. चौघेही बूट काढावेत की नाही या विचारात उभे होते. त्यांच्यातल्या एकीनं पोरीकडं बोट करून काहीतरी विचारलं.

"ही तुमची कोण, असं विचारतायत," साहेब म्हणाले.

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्या बाईनं ते लिहून घेतलं. साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली केला.

"पोराचा हात अलीकडं घ्या. रेघ मोकळी दिसली पाहिजे."

"सोडतच नाही गं हा," पोरगी म्हणाली. आपलं बोट ती ओढतही नव्हती.

मी गुडघ्यांवर बसले. रेवणची मूठ घामानं ओली होती. मी त्याची करंगळी सोडवली. मग शेजारचं बोट सोडवलं. तोवर त्यानं करंगळी पुन्हा मिटून घेतली होती.